कुमुदताईंची काळी-पांढरी टेप

कुमुदताई दांडेकर दूधवाल्याकडून दूध घ्यायच्या, पण त्यातलं घोटभर आधी त्याला स्वतःला प्यायला लावायच्या. रोज. दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या त्यांच्या सरकारी क्वार्टरमध्ये वीसेक वर्षं एकच दूधवाला येत होता आणि वीसेक वर्षं तो त्यांच्या दारात उभा राहून, त्यांनीच पुढे केलेल्या पेल्यातून आपलंच दूध पीत होता. शेवटी शेवटी तर न सांगता हात पुढे करायचा. मी एकदा विचारलं, "ताई, इतक्या वर्षांत कधी काही निघालं का त्याच्या दुधात?" तर म्हणाल्या, "निघालं नाही, कारण मी पाजते."

गॅसचा सिलिंडर आला की तो दारातच ताणकाट्याला टांगला जायचा. भाजीवाल्यानं वरून दिलेली कोथिंबीर त्या उलटीसुलटी करून बघायच्या, हा फुकट का देतोय म्हणून. नोएडात पहिल्यांदा सरकता जिना पाहिला तेव्हा पाच मिनिटं खाली उभ्या राहिल्या, आणि मग शेजारच्या दगडी जिन्यानं वर गेल्या. "जिना आपण चढायचा असतो," म्हणाल्या, "त्यानं आपल्याला चढवायचं म्हणजे काहीतरी गडबड आहे." मंत्रालयात त्या हिंदी अनुवाद अधिकारी होत्या. शिपायाच्या हाती कागद देताना प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात बारीक सही करायच्या, पानं मोजायच्या, आणि परत आली की पुन्हा मोजायच्या. कोणी हसलं तर नाकावर बोट ठेवून सांगायच्या, "देवानं हे मधोमध कशाला दिलंय? वास घ्यायला."

या सगळ्याला एकच सूट होती. समोरचा माणूस मराठी निघाला की ताणकाटा फडताळात जायचा. शेजारच्या जिन्यात नागपूरचं एक कुटुंब बदली होऊन आलं. चौथ्या दिवशी कुमुदताई पुण्याला निघाल्या आणि घराची किल्ली त्यांच्या हातात देऊन गेल्या. का, तर त्या बाईंनी दार वाजवून पोहे मागितले होते. "पोहे मागणारा माणूस चोर कसा असेल?" हे त्या गंभीरपणे विचारत असत.

मी अशोक साळवे. त्यांच्यापासून दोन जिने सोडून राहायचो, एका मंत्रालयाच्या खरेदी विभागात होतो. पहिल्या भेटीत त्यांनी विचारलं, साळवे म्हणजे कुठले? म्हटलं, नगरचे. आणि पुढचा प्रश्न यायच्या आधीच सांगून टाकलं की आम्ही ख्रिश्चन आहोत; दिल्लीत राहून ती सवय लागली होती. त्यांनी चहाचा कप पुढे केला. "असेना का. मराठीच आहात ना?" झालं. त्या दिवसापासून मी आपला माणूस झालो, आणि कुमुदताईंच्या हिशेबी आपल्या माणसाची पानं मोजायची नसतात.

आमच्या चर्चमध्ये कबुलीजबाबाची खिडकी नसते. जे काय सांगायचं ते देवाला परस्पर सांगायचं, असं आम्हाला लहानपणी शिकवलं. मी तसं बऱ्याचदा सांगून पाहिलं. देव ऐकून घेतो, पण कुमुदताईंना काही कळवत नाही. म्हणून हे लिहितो आहे.

ती वर्षं बाहेर पडण्याची होती. ज्यांना पक्की नोकरी होती तेही नोएडा-गुडगावकडे बघायला लागले होते. अकरा वर्षांनी मी सरकार सोडलं आणि नोएडातल्या एका खासगी कंपनीत गेलो. माझे वडील नगरहून फोनवर म्हणाले, "पेन्शनची नोकरी सोडून तू पत्ते विकणार?" अगदीच चूक नव्हतं ते. आमच्या कंपनीनं एका जपानी पत्त्यांच्या खेळाचे इथले हक्क घेतले होते. लहान मुलं पाकिटं विकत घेत, त्यांत चित्रविचित्र प्राण्यांचे पत्ते असत, प्रत्येक प्राण्याची शक्ती वेगळी, आणि मुलं ते पत्ते एकमेकांवर टाकून लढाया करत. त्यावरून जपान्यांनी एक लांबलचक कार्टून सिनेमा काढला होता. तो आम्ही हिंदीत आणणार होतो. प्रत्येक तिकिटाबरोबर एक नवा पत्ता फुकट मिळणार होता. असे बारा नवे प्राणी होते, आणि सिनेमा लागेपर्यंत त्यांची नावं, चित्रं कुणालाही दिसू नयेत अशी सक्त अट होती. मी प्रोबेशनवर होतो.

हिंदी संवाद लिहायला माणूस हवा होता. कुमुदताई तेव्हा नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या आणि मुदतवाढीवर त्याच क्वार्टरमध्ये राहत होत्या. तेहेतीस वर्षं त्यांनी वार्षिक अहवाल आणि संसदेतली उत्तरं हिंदीत केली होती. त्यांतल्या एकाही पानावर त्यांचं नाव नव्हतं. सरकारी अनुवादावर ते नसतंच. मी काम सांगितलं तेव्हा त्यांनी मानधन विचारलं नाही.

"पडद्यावर नाव येईल?"

"येईल की."

"लेखी?"

"ताई, मी सांगतोय ना."

"मग राहू दे लेखी," म्हणाल्या.

या बाईंनी कुणाचा शब्द लेखी न घेता मान्य केल्याचं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मला त्याचा अभिमान वाटला होता, हेही लिहून ठेवतो.

काम घरी बसून करायचं, म्हणून त्यांना सिनेमाची टेप दिली. ती मुद्दाम काळी-पांढरी केलेली होती, पडद्याच्या मधोमध घड्याळाचे आकडे पळत असायचे, म्हणजे कुणी चोरली तरी विकता येऊ नये. कुमुदताईंना ही व्यवस्था फार पसंत पडली. "हे जपानी लोक आपल्यासारखे आहेत," म्हणाल्या. आपल्यासारखे म्हणजे त्यांच्यासारखे.

त्यांची काम करण्याची तऱ्हा पाहण्यासारखी होती. कार्टूनमधल्या प्राण्याचं तोंड नुसतं उघडतं आणि मिटतं. जितक्या वेळा उघडेल तितक्याच अक्षरांत वाक्य बसवायचं. कुमुदताई टेप थांबवायच्या, डाव्या हाताची बोटं हनुवटीखाली आडवी धरायच्या आणि वाक्य म्हणायच्या. हनुवटी जितक्या वेळा बोटांना लागेल तितकी अक्षरं. दिवसभर असं हनुवटीला हात लावून बसलेल्या बघून मोलकरणीला वाटायचं की बाईंची दाढ दुखते आहे. इंग्रजीत एक वाक्य होतं, त्याचं सरळ हिंदी होत होतं, 'मैं तुम्हें कभी अकेला नहीं छोड़ूँगा'. तेरा वेळा हनुवटी. प्राण्याचं तोंड तर चारदाच उघडत होतं. दीड दिवस त्या एका वाक्यावर बसल्या आणि मग मला ऑफिसात फोन करून नुसतं एवढंच म्हणाल्या, "साथ रहूँगा." फोन ठेवताना म्हणाल्या, "मंत्रालयाचं उत्तर असतं तर तेरा अक्षरांत नुसतं 'माननीय' झालं असतं."

बाराही प्राण्यांची हिंदी नावं त्यांनीच पाडली. मेघनख, धूमकंठ, अशी. नावं पाडायची तर खेळ कळायला हवा, म्हणून कॉलनीतल्या मुलांच्यात कडुलिंबाखाली जाऊन बसल्या आणि तीन संध्याकाळी पत्ते खेळल्या. हरल्या. मुलं चिडवत, त्या वहीत नियम उतरवून घेत. मग एक दिवस वही घेऊन थेट आमच्या साहेबांपुढे, खुरानांपुढे, हजर. सिनेमात एका ठिकाणी वाऱ्याचा प्राणी फुंकर मारून आगीच्या प्राण्याला विझवतो, आणि खेळाच्या नियमात तर वाऱ्यानं आग वाढते.

खुराना भले गृहस्थ होते, पण त्यांना दुपारचं विमान होतं. "मैडम, बच्चों की पिक्चर है. कौन पकड़ेगा?"

"बच्चे ही पकड़ेंगे," कुमुदताई म्हणाल्या. "बड़े तो सो जाएँगे."

आणि तो दोष त्यांनी काढलाही. त्या दृश्यात आगीच्या प्राण्याची पाठ आपल्याकडे आहे. पाठीला तोंड नसतं, तेव्हा तिथे हवं ते बोलवता येतं. त्यांनी त्याच्या तोंडी घातलं की मी वाऱ्यानं विझलो नाही, लढून थकलो म्हणून विझलो. जपानी लोकांनाही न सुचलेलं. खुराना नंतर ते वाक्य आलेल्या-गेलेल्याला ऐकवायचे.

रेकॉर्डिंग नोएडातल्या एका तळघरातल्या स्टुडिओत होतं. तिथला रेकॉर्डिस्ट बलविंदर, सगळे त्याला बल्ली म्हणत. सहा फूट उंच, आवाज बारीक, आणि जिभेला हाड नाही. कुमुदताईंनी पहिल्याच दिवशी त्याच्या मशीनच्या वायरी कुठून कुठे जातात ते विचारलं, तेव्हापासून तो त्यांना मागून थानेदारनी म्हणू लागला. त्यांना ते कळलं. दुसऱ्या आठवड्यात काचेचं दार उघडून आत आल्या आणि म्हणाल्या, "थानेदारनी आ गई. चालू करो." बल्ली खुर्चीतून पडायचा बाकी राहिला.

तो घरून मेथीचे पराठे आणायचा. कुमुदताई आपला पराठा समोर ठेवून बसायच्या आणि बल्ली आपला खाऊन संपवेपर्यंत तोडायच्या नाहीत. "मैडमजी, जहर नहीं है, मेथी है," तो म्हणायचा. त्या म्हणायच्या, मेथी में ही मिलाते हैं. असं दीड-दोन महिने चाललं. एक दिवस बल्लीनं डबा उघडला, आणि तो आपला घास तोडायच्या आत कुमुदताईंनी आपला तोंडात घातला. बल्लीनं कॉन्सोलवरून माझ्याकडे पाहिलं आणि हळूच कान पकडले, म्हणजे नजर नको लागायला. दिल्लीत आल्यापासून ज्याच्या हातचं त्यांनी असं खाल्लं असा तो पहिला अमराठी माणूस असावा.

सिनेमा लागायला दोन आठवडे उरले असताना खुरानांच्या ड्रायव्हरनं लक्ष्मीबाई नगरसमोरच्या बाजारातल्या हातगाडीवरून पत्त्यांचं एक पाकीट आणलं. आत आमचे बाराही नवे प्राणी. हलका पुठ्ठा, कापणी वाकडी, पण चित्रं आमचीच, आणि खाली कुमुदताईंनी पाडलेली हिंदी नावं. खुरानांनी ते टेबलावर पसरले तेव्हा मी शेजारी उभा होतो. मेघनख वर होता. निळा, अगदी हवा तसा निळा. तो निळा कुठून आला ते मला त्याच क्षणी कळलं.

आता सरळच सांगतो. तिकिटाबरोबर द्यायचे पत्ते छापून घेण्याचं काम माझ्याकडे होतं. कंपनीचा ठरलेला छापखाना होता, त्यालाच द्यायचं, असं खुरानांनी तोंडी सांगितलेलं. पण खरेदी विभागात अकरा वर्षं घालवलेल्या माणसाला एकाच छापखान्याला काम देताना आपण चोरी करतोय असं वाटतं. उद्या कोणी विचारलं, यालाच का दिलं, तर? म्हणून मी, कुणी मागितली नसताना, तीन कोटेशनं मागवली. बाराही प्राण्यांची रंगीत चित्रं, नावांसकट, तीन छापखान्यांना पाठवली. ती बाहेर पाठवण्याआधी गुप्ततेच्या कागदावर छापखान्याची सही घ्यायची, तो कागद परदेशातून मंजूर होऊन यायचा, त्याला आठवडा लागायचा. मी म्हटलं, नुसती कोटेशनं तर आहेत. दोघांनी चित्रं परत केली. तिसरा फरीदाबादचा होता. तो म्हणाला, भेजता हूँ.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फरीदाबादला गेलो. छापखान्याच्या मागच्या अंगणात कापणीच्या पट्ट्यांचा ढीग पडला होता आणि झाडणाऱ्या बाईच्या झाडूला निळ्या पट्ट्या चिकटल्या होत्या. मालकानं मला खुर्ची दिली, चहा मागवला. त्याच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. म्हणाला, तुमची ऑर्डर काही आली नाही, माल पडून होता. छापू नका असंही तुम्ही म्हणाला नव्हतात. मी तक्रारीचं काहीतरी पुटपुटलो, तर त्यानं ड्रॉवरमधून कोटेशन मागणारं माझं पत्र काढून टेबलावर ठेवलं. कंपनीच्या कागदावर, माझ्या सहीचं. "शिकायत कर दो, साहब," म्हणाला. "साथ में ये भी लगा देना." मी त्याचा चहा पिऊन परत आलो.

दुपारी खुरानांनी मला टिपण लिहायला सांगितलं. जपानला उत्तर द्यायचं होतं. कुणाकुणाला काय माहीत होतं, एवढंच लिही. मी चार वाक्यं लिहिली. प्राण्यांची हिंदी नावं श्रीमती दांडेकर यांनी तयार केली. त्या काम घरी करतात आणि टेप घरी नेतात. खेळ समजून घेण्यासाठी त्या वसाहतीतल्या मुलांमध्ये बसतात. अंतिम रंगीत टेप स्टुडिओच्या कपाटात असून किल्ली रेकॉर्डिस्टकडे असते.

चारही वाक्यं खरी होती. सरकारात मी एवढं शिकलो होतो की खोटं लिहायची गरज नसते, खरं कुठे थांबवायचं ते कळलं की झालं. पाचवं वाक्य मी लिहिलं नाही. कोटेशनांची फाईल त्याच संध्याकाळी घरी नेली आणि फाडली.

दुसऱ्या दिवशी खुरानांनी कुमुदताईंना आणि बल्लीला बोलावलं. खोलीत आम्ही चौघेच. खुराना सभ्यपणे बोलत होते: मॅडम, हा माल तुमच्या घरासमोरच्या बाजारात मिळाला, तुम्ही वसाहतीतल्या मुलांबरोबर बसत होतात, तुम्हीच सांगा आम्ही काय समजायचं. मला वाटलं आता कुमुदताई भडकतील. त्यांनी चष्मा बदलला, मेघनखचा पत्ता उचलला आणि बराच वेळ बघत राहिल्या.

"हा निळा आहे?" त्या मला मराठीत म्हणाल्या. "मी इतके दिवस करडा समजत होते."

चार महिने त्यांनी त्या प्राण्याला बोलतं केलं होतं, आणि त्याचा रंग त्यांना या चोरीच्या पत्त्यावर पहिल्यांदा दिसत होता. मी खाली बघितलं. खोलीत मराठी दुसऱ्या कोणाला येत नव्हतं.

मग त्या हिंदीत वळल्या आणि त्यांचं ते जुनं डोकं चालू झालं. मी रंग पाहिलेच नाहीत, म्हणाल्या. माझी टेप काळी-पांढरी. ज्यानं छापलं त्यानं रंग पाहिलेत. मग रंग होते कुठे? एकेक पायरी बरोबर चढत होत्या. माझ्यापर्यंत एकच पायरी राहिली होती, आणि मला आठवतं, मी खरंच मनात म्हणत होतो की चढा, ताई. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मान वळली ती बल्लीकडे.

"मैडमजी," बल्ली म्हणाला, "आप भी?"

"मैं इतना ही पूछ रही हूँ कि चाबी किसके पास थी."

बल्लीनं किल्ली खिशातून काढून टेबलावर ठेवली आणि उठून गेला. तो गेल्यावरही कुमुदताई त्या किल्लीकडे बघत होत्या. त्यांचा चेहरा मी त्याआधी कधी तसा पाहिला नव्हता. एका माणसावर भरवसा टाकला आणि तोच असा निघाला, असं काहीतरी.

कंपनीला जपानला कळवायला नावं हवी होती, दोन मिळाली. दोघांनाही कामावरून कमी केलं. काम तसं संपलेलंच होतं. कमी करायला उरलं होतं ते नाव. लिफ्टपर्यंत मी कुमुदताईंना सोडायला गेलो. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "साळवे, माझ्या नावाचं तेवढं बघाल ना?"

मी म्हटलं, "बघतो."

बघितलं नाही. खुरानांकडे गेलो असतो तर पुढचा प्रश्न आला असता, की तुम्हाला एवढी खात्री कशी.

सिनेमा लागला. पहिल्या दिवशी दुपारच्या खेळाला कुमुदताई एकट्या बसनं गेल्या, स्वतःचं तिकीट काढून. संध्याकाळी फोन आला. म्हणाल्या की मुलं छान हसत होती, आग विझते तिथे कुणी हू-हू केलं नाही, म्हणजे बरोबर बसलं. मग म्हणाल्या, शेवटी नावं फार भरभर गेली, माझं नाव निसटलं बहुतेक. उद्या पुढच्या रांगेत बसून बघते. मी त्यांना जाऊ नका म्हणालो नाही. दुसऱ्या दिवशीचा फोन लहान होता. "काढलंय. खुरानांनी काढलं असणार. तुम्ही भांडला असाल माझ्यासाठी, मला ठाऊक आहे. वाईट वाटून घेऊ नका."

मी कायम झालो. पुढे बढती मिळाली, कंपनी बदलली, नोएडातच घर झालं. कुमुदताई क्वार्टर सोडून गाझियाबादला एका नव्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहायला गेल्या. संक्रांतीला फोन करायच्या. मी उचलायचो, आणि लवकर ठेवायचो. पुन्हा कुठल्या सिनेमाचं काम त्यांनी केलं नाही. मी कधी विषय काढला तर म्हणायच्या, "ती लाईन चांगली नाही."

बारा-तेरा वर्षं अशीच गेली. मग एका ओळखीच्यांच्या लग्नात मंडपात कॅमेऱ्याच्या मागे बल्ली दिसला. दाढी पांढरी झालेली. लग्नांची शूटिंग करतो, म्हणाला, बरं चाललंय. माझी विचारपूस केली, मग वायर गुंडाळता गुंडाळता म्हणाला, "मैडमजी हैं? अब भी मुझे चोर समझती होंगी." मी वायरीचं दुसरं टोक उचलून त्याच्या हातात दिलं. तो म्हणाला, "एक बार आप कह देते, भाई साहब. आपकी वो मानती हैं."

पुढच्या रविवारी दुपारी मी गाझियाबादला गेलो.

कुमुदताई वाळल्या होत्या, पण दाराला तीन कड्या होत्या आणि तिन्ही त्यांनी भराभर काढल्या. त्यांनी माझ्यासाठी पोहे केले. मी खाल्ले नाहीत, आधी बोलतो म्हटलं. आणि सगळं सांगितलं. रंगीत चित्रं, तीन छापखाने, फरीदाबाद, ते टिपण, फाडलेली फाईल. बल्लीचा काही संबंध नव्हता हे दोनदा सांगितलं. त्या डोळे बारीक करून ऐकत होत्या. मी थांबलो, तेव्हा मला वाटलं, आता काहीही बोलल्या तरी चालेल.

"बल्ली भेटला होता का तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

"भेटला होता. पण त्यानं मला पाठवलेलं नाही, ताई."

"तुम्हाला वाटतंय नाही." त्या हसल्या, मायेनं. "खासगी कंपनीत तीन कोटेशनं? कुणी मागितली होती?"

"कुणीच नाही. मीच मागवली."

"उगाच? बघा हं, साळवे. सरकार सोडून तुम्ही तिकडे कशाला गेलात, हाच जाच नको म्हणून ना? काहीतरी पटेल असं तरी सांगायचं." मग पुढे वाकल्या. "काही लेखी आहे का? एखादं कोटेशन? ते पत्र?"

मी म्हटलं, फाडलं.

"बघा," त्या म्हणाल्या.

मी पुन्हा सांगू लागलो, जरा आवाज चढवून. येशूची शपथ घेतली, जी मी घरीही घेत नाही. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "त्याची लेकरंबाळं असतील, तो रडला असेल, तुम्ही विरघळलात. तुमचा स्वभावच तसा आहे. पण त्याच्यासाठी स्वतःच्या नावाला काळं लावून घ्यायचं नाही. एकदा गेलेलं नाव परत येत नाही, हे मी सांगते तुम्हाला." आणि पोह्यांची बशी पुढे सरकवली. "खा आता. गार झाले."

मी खाल्ले.

निघताना त्या नको म्हणत असताना तीन जिने उतरून खाली आल्या. सोसायटीच्या फाटकाशी मी ऑटो थांबवला. मी आत बसेपर्यंत कुमुदताई ऑटोवाल्याच्या बाजूला गेल्या होत्या आणि त्याचा चेहरा निरखून बघत होत्या. कुठून नेणार, ते त्याला विचारलं. त्यानं सांगितलेला रस्ता त्यांना पटला नाही.

"मेन रोड से ही ले जाना," त्या त्याला म्हणाल्या. "साहब भोले आदमी हैं. कोई भी ठग लेता है."

ऑटो वळला तेव्हा मी मागे बघितलं. त्या रस्त्याच्या कडेला, उन्हात, डोळ्यांवर हात धरून उभ्या होत्या, आणि माझ्याकडे बघत नव्हत्या. ऑटोवाला कुठल्या रस्त्यानं जातो, ते बघत होत्या.